आक्षी-नागावला कुत्र्यांसह राहायचं आणि पक्षीही बघायचे, तर

तुमचा प्रश्न असा आहे: ठाण्याहून डिसेंबरच्या शेवटी चार दिवस अलिबागच्या बाजूला यायचंय. बरोबर 3 वर्षांची गावठी कुत्री आणि 11 वर्षांचा लॅब्राडोर. समुद्राला अगदी लागून, कुत्र्यांना चालेल असा फ्लॅट हवाय आणि तुमच्या मिस्टरांना पक्षी बघायचेत. आक्षी आणि नागाव ही नावं ऐकली आहेत, पण नेमकं कुठे राहावं आणि बुकिंग करताना काय विचारावं?

मी याच पट्ट्यात 19 वर्षं पशुवैद्य म्हणून काम करते. हिवाळ्यातल्या सुट्टीच्या सकाळी दुर्बीण घेऊन आक्षीच्या किनाऱ्यावर असते. आमच्या घराच्या तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा भाग कुत्र्यांसह येणाऱ्या कुटुंबांना आम्ही देत आलो आहोत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या तिन्ही बाजू रोज डोळ्यांसमोर असतात. आधी सर्वांत महत्त्वाचं सांगते. घर समुद्राला किती जवळ आहे हे शेवटी बघा. त्या घरात तुमचे कुत्रे सकाळी दोन-अडीच तास तुमच्याशिवाय शांत राहू शकतील का, हे सगळ्यात आधी बघा. बाकीचा सगळा बेत या एका गोष्टीवर उभा राहतो.

असं का म्हणते, त्यासाठी पक्ष्यांची बाजू समजून घ्यायला हवी.

आक्षीचा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी खूप मागे जातं आणि ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या वाळूत शिंपल्या, किडे, बारीक खेकडे असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत हे खाण्यासाठी इथे चिखल्या, तुतवार अशा किनाऱ्यावर चरणाऱ्या लहान पक्ष्यांचे थवे असतात. छोटे वाळू-चिखल्या लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर अंडी घालतात आणि हिवाळा आपल्याकडे काढतात. लाटेच्या पुढे-मागे चावी दिल्यासारखा धावणारा सँडरलिंग थेट आर्क्टिकच्या किनाऱ्यावरून येतो. वजन जेमतेम 50-60 ग्रॅम. तपकिरी डोक्याचे कुरव (गल) हिमालयापलीकडच्या तलावांवरून येतात. शिवाय काळ्या डोक्याचे कुरव, पल्लासचा मोठा कुरव, कितीतरी जातींचे सुरय (टर्न), लांब वाकड्या चोचीचा कोरल, केशरी चोचीचा ऑयस्टरकॅचर. समुद्री बगळा बारा महिने असतो, आणि नशीब असेल तर सुरूच्या बनावरून समुद्री गरुड जातो.

या पक्ष्यांना खायला दिवसभर मिळत नाही. पाणी मागे असतं तेवढा वेळच त्यांचं ताट वाढलेलं असतं. भरती आली की ते किनाऱ्याच्या कोरड्या पट्टीवर दाटीवाटीने उभे राहून विश्रांती घेतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर परतीच्या प्रवासासाठी त्यांना अंगावर चरबी साठवायची असते. त्या वेळी छोट्या वाळू-चिखल्याची छाती विटकरी व्हायला लागते, तेव्हा समजायचं की निघायची तयारी सुरू झाली. अशा वेळी एखादा कुत्रा थव्यात घुसला की सगळे उडतात, एक फेरी मारून लांब उतरतात, पुन्हा कोणी आलं की पुन्हा उडतात. प्रत्येक उड्डाणात जमवलेली चरबी खर्च होते आणि खाण्याचा वेळ जातो.

माझी स्वतःची चिंगी लहान असताना मी तिला इथेच मोकळं सोडत असे. ती थव्यामागे धावायची, पांढऱ्या पंखांचा ढग उठायचा, आणि मला ते दृश्य फार सुंदर वाटायचं. एका जानेवारीत पायाला लचक भरली म्हणून मी सुरूखाली बसून राहिले आणि पूर्ण भरतीभर एकच थवा बघितला. तीन तासांत लोकांनी, कुत्र्यांनी आणि गाड्यांनी मिळून त्याला 17 वेळा उडवलं. शेवटी तो थवा खाडीपलीकडे निघून गेला आणि त्या दिवशी परत आला नाही. त्यानंतर चिंगीचा पट्टा मी किनाऱ्यावर कधीच सोडला नाही. ती 13 वर्षं जगली आणि समुद्रावर आयुष्यभर आनंदातच फिरली, लांब दोरीवर.

म्हणून कुत्र्यांची वेळ आणि पक्ष्यांची वेळ वेगळी ठेवायची. हे जमतं, आणि चांगलं जमतं, कारण भरती-ओहोटी घड्याळासारखी चालते. कोळी बांधवांचा हिशेब तुम्हालाही करता येईल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे भरती दुपारी आणि पहाटे साधारण 3 वाजता. अष्टमीला 6, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हिशेब थोडाफार पुढे-मागे होतो, तरी कॅलेंडरवरची तिथी बघून बेत ठरवायला पुरेसा आहे. अचूक वेळ हवी असेल तर भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं.

आता यातली खुबी सांगते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीमागे, जमिनीकडून येतो. समुद्राकडे बघताना पक्ष्यांवर छान उजेड पडतो आणि रंग, चोच, पाय सगळं स्पष्ट दिसतं. संध्याकाळी सूर्य डोळ्यांत येतो आणि सगळे पक्षी काळे ठिपके होतात. म्हणजे पक्षी बघायला सकाळ हवी आणि त्या सकाळी पाणी चढत असायला हवं, कारण चढतं पाणी दूर पसरलेले थवे हळूहळू आपल्याकडे ढकलत आणतं. हे दोन्ही एकत्र जुळतात ते पौर्णिमा-अमावास्येपासून पुढे द्वितीया-तृतीयेपर्यंत. तेव्हा भरती दुपारी साडेअकरा ते दोनच्या दरम्यान असते आणि साडेआठ ते अकरा हा वेळ सोन्यासारखा असतो. सुट्टीच्या तारखा तुमच्या हातात असतील तर त्या तिथीवरून ठरवा.

त्या दिवसांचा क्रम मी असा लावते. उजाडताना पूर्ण ओहोटी असते. पक्षी पाण्याच्या कडेला, खूप लांब असतात. तेव्हा कुत्र्यांना घेऊन वरच्या कोरड्या वाळूवरून, सुरूच्या ओळीला धरून चालायचं, पाच-दहा मीटरच्या लांब दोरीवर. हवा गार, गर्दी नाही, वास घ्यायला भरपूर. तुमची गावठी कुत्री यात अगदी रमेल. आठला घरी, पाणी, नाश्ता, दमून झोप. साडेआठला तुम्ही किंवा तुमचे मिस्टर दुर्बीण घेऊन बाहेर पडा. दुपारी सगळ्यांनी घरात. साडेचारनंतर पाणी परत उतरलेलं असतं, पक्षी पुन्हा लांब जातात, उजेडही पक्ष्यांसाठी वाईट. ती पूर्ण संध्याकाळ कुत्र्यांची.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार पुढेही येत नाही आणि फार मागेही जात नाही. तेव्हा भरती सकाळी सहाच्या सुमारास येते, त्यामुळे पक्षी उजाडल्या उजाडल्या बघायचे आणि कुत्र्यांना नंतर न्यायचं. ऊन चढायच्या आत परतायला मात्र हवं.

साडेआठ ते अकरा कुत्रे कुठे असतील, हाच घर निवडण्याचा खरा प्रश्न आहे. दोघांनी आलटून पालटून जायचं ठरवलं तर सोपं आहे. दोघांनाही जायचं असेल तर घर तसं हवं.

'पेट फ्रेंडली' हे दोन शब्द जाहिरातीत बघून पैसे भरू नका. माझ्या दवाखान्यात आलेल्या एका कुटुंबाला असं लिहिलेल्या ठिकाणी पोचल्यावर कळलं की कुत्रा गच्चीवर, पत्र्याखाली बांधायचा आहे. मार्च महिना होता. कुत्रा उष्माघाताने माझ्याकडे आला, वाचला, पण दोन दिवस सलाइनवर होता. म्हणून व्हॉट्सॲपवर लेखी विचारा: कुत्रे खोलीत, आमच्याबरोबर झोपतील ना? आम्ही दोन तास बाहेर असताना ते खोलीत थांबलेले चालतील ना? दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण 'नाही' म्हणतात आणि ते आधी कळलेलं बरं.

मग घराचा व्हिडिओ मागवा. फोटोत जे दिसत नाही तेच मला बघायचं असतं. फाटकाखाली किती फट आहे? गावठी कुत्री अंग चोरून वीतभर फटीतून निघते. बाल्कनीच्या गजांमध्ये डोकं अडकेल इतकं अंतर आहे का? फरशी कशी आहे? तुमच्या लॅब्राडोरचं वय बघता गुळगुळीत टाइल्स हा मोठा शत्रू आहे. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात, कंबर आणि गुडघे दुखावतात. घरून दोन सतरंज्या आणा आणि त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत अंथरा. त्याच्यासाठी तळमजलाच घ्या. लिफ्ट असलेल्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की 30-35 किलोचा कुत्रा जिन्यावरून कोण नेणार? लाइट गेल्यावर पंखा चालेल असा इन्व्हर्टर आहे का, हेही विचारा. आमच्याकडे लाइट जाते, आणि बंद खोलीत पंखा नसेल तर डिसेंबरच्या दुपारीही कुत्रा धापा टाकायला लागतो.

शेजारी कोण आहे हे विचारायला लाजू नका. बाजूच्या बंगल्यात पार्टी आणि स्पीकर असतील तर तुमची कुत्री दोन तास भुंकेल, आणि दुसऱ्या दिवशी मालक कुत्र्यांना नावं ठेवतील. घराच्या मालकीणबाई किंवा त्यांच्या घरातलं कोणी आवारातच राहत असेल तर त्यासारखं सुख नाही. आमच्याकडे सासूबाई ओटीवर भाजी निवडत बसतात आणि आलेले कुत्रे त्यांच्या पायाशी येऊन झोपतात. पाहुणे निर्धास्त पक्षी बघून येतात. असं माणूस असलेलं घर दोनशे रुपये जास्त घेत असेल तर द्या.

समुद्राला लागून असलेल्या फ्लॅटचा मोह मी समजू शकते. पण किनाऱ्याच्या पहिल्या रांगेत घोडागाड्या, एटीव्ही (वाळूवर पळवायच्या चारचाकी बाइक), भेळेच्या गाड्या आणि रात्री फिरणारी गावची कुत्री असतात. नागावच्या बाजूला तर शनिवार-रविवारी एटीव्ही अखंड चालू असतात. त्यापेक्षा किनाऱ्यापासून चार-पाचशे मीटर आत, नारळ-सुपारीच्या वाडीतलं घर मला कुत्र्यांसाठी कितीतरी बरं वाटतं. सावली असते, माती असते, आणि पाच मिनिटांत चालत समुद्र. आणि वाडीतल्या घराचा आणखी एक फायदा आहे, तो तुमच्या मिस्टरांना नक्की आवडेल: कुत्रे जवळ असताना आरामात पक्षी बघायची ती एकमेव जागा आहे. तांबट, हळद्या, दयाळ, शिंजीर, भारद्वाज, नारळाच्या ढोलीतला पिंगळा यांना ओटीवर झोपलेल्या कुत्र्याची पर्वा नसते. सकाळचा चहा, पायाशी लॅब्राडोर आणि समोर जास्वंदीवर शिंजीर, हे तुम्हाला चारही दिवस मिळेल.

वाडीत दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. नारळाच्या झाडाखाली कुत्रा कधीही बांधू नका. पडलेल्या नारळाने आणि झावळीनेही जखमी झालेले कुत्रे मी पाहिले आहेत. आणि अंधार पडल्यावर वाडीत कुत्र्याला पट्ट्याशिवाय सोडू नका, हातात बॅटरी ठेवा. घोणस, नाग, मण्यार या पट्ट्यात आहेत, आणि कुत्रा नाकाने तपास करतो म्हणून दंश तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. दंश झालाच तर जखम कापणं, आवळून बांधणं, गावठी औषध लावणं, यातलं काहीही न करता कुत्र्याला उचलून, चालू न देता, थेट पशुवैद्याकडे न्या. आल्या दिवशीच घरमालकांकडून जवळच्या पशुवैद्याचा नंबर घेऊन ठेवा आणि त्यांच्याकडे सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन असतं का, हे फोन करून विचारा. हा एक फोन मला सगळ्या सामानापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आता दवाखान्याच्या खुर्चीतून थोडं.

सुट्टीवर आलेल्या कुत्र्यांमध्ये मला सगळ्यात जास्त दिसतात ते खारं पाणी प्यायलेले. लाटा चावायला जाताना कुत्रा पाणी गिळतो. थोडं गेलं तर उलटी-जुलाब होऊन भागतं. जास्त गेलं तर तोल जातो, थरथरतो, झटके येतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. समुद्रावर जाताना दोन लिटर गोडं पाणी आणि भांडं बरोबर न्या, दर पंधरा मिनिटांनी पाजा, आणि पाण्यातला चेंडूचा खेळ दहा मिनिटांत थांबवा. लॅब्राडोर स्वतःहून थांबत नाही, वय कितीही असो.

दुसरं म्हणजे वाळूवर पडलेलं मेलेलं काहीही खाणं. केंड मासा, जो फुगतो, तो विषारी असतो. त्याचं विष उकळूनही जात नाही. जाळ्यातून फेकलेल्या माशांत कधी गळ अडकलेला असतो. कोळीवाड्याजवळ बोंबील वाळत घातलेले असतात. ते खारवलेले असतील तर कुत्र्याला वाईट, आणि कसेही असले तरी ते कोणाच्या तरी घरची कमाई आहे. तुमची कुत्री रस्त्यावरून आणलेली असेल तर जमिनीवरचं उचलून खाण्याची सवय तिला असणारच. 'सोड' ही आज्ञा घरीच पक्की करून या. शंका असेल तर तोंडाला जाळीची टोपली लावा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, तिला त्यातून श्वास घेता येतो आणि पाणीही पिता येतं.

गोचीड इथे वर्षभर आहेत. बेबेसिया आणि एर्लिकिया हे गोचीडताप मी दर आठवड्याला बघते. गोचीडाची गोळी निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी द्या. रेबीजची आणि लेप्टोसह (लेप्टोस्पायरोसिस) वार्षिक लस झालेली असावी, कागद बरोबर ठेवा. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुवा, बोटांमधली वाळू काढा, कान कोरडे करा. लॅब्राडोरचे लोंबते कान ओले राहिले की दोन दिवसांत वास यायला लागतो.

दुपारची वाळू हाताच्या मागच्या बाजूने तपासा. सात सेकंद हात ठेववला नाही तर कुत्र्याचे तळवेही ती सोसणार नाहीत. आणि दुखलं-खुपलं म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो.

पक्षी बघायला नेमकं कुठे जायचं ते सांगते. आक्षीच्या किनाऱ्याचं उत्तरेचं टोक, जिथे साखर गावाच्या बाजूची खाडी समुद्राला मिळते, तिथे थवे सर्वांत दाट असतात. खाडीच्या चिखलात, खारफुटीच्या कडेला कोरल, तुतवार, बगळे, खंड्या दिसतात. ते टोक कुत्र्यांसाठी पूर्ण वर्ज्य समजा, कोणत्याही वेळी. कुत्र्यांना दक्षिणेला, नागावच्या दिशेने न्या. माझा स्वतःचा नियम असा: पट्ट्यातला कुत्रा बरोबर असेल तर थव्यापासून किमान 100 मीटर लांब, एकटी असेन तर 50. त्याहून जवळ जायचं असेल तर चालत न जाता बसून राहायचं आणि पाण्याला पक्षी आणू द्यायचे. पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या, एका दिशेने चालायला लागले, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. तिथेच थांबा किंवा दोन पावलं मागे या. बहुतेक वेळा ते परत खायला लागतात.

8×42 ची दुर्बीण पुरते, पण चिखल्या-तुतवार ओळखायला टेलिस्कोप मिळाला तर आनंद दुप्पट होतो. एखाद्या पक्ष्याच्या पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर फोटो घ्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. त्यावरून पक्षी कुठून आला हे कळतं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती 1987 पासून चालू आहे. मुक्काम तेव्हा असेल तर तुमचे मिस्टर त्यातही भाग घेऊ शकतील.

किनाऱ्यापलीकडे जायचं असेल तर किहीमला एक फेरी मारा. नोकरी गेल्यानंतर 1930 च्या सुमारास पक्षीतज्ज्ञ सलीम अली तिथे राहायला आले आणि घराजवळच्या झाडावरच्या सुगरणींच्या घरट्यांचा त्यांनी अभ्यास केला. एक नर अनेक घरटी अर्धवट बांधतो, मादी पसंत करते आणि मग ते पूर्ण होतं, हे सगळं त्यांनी बारकाईने टिपलं ते इथे, आपल्या वाड्यांमध्ये. सुगरणीची घरटी बांधण्याची धामधूम पावसाळ्यातली असते. डिसेंबरमध्ये रिकामी घरटी झुलताना दिसतील.

फणसाड अभयारण्य इथून दिवसभराची सहल आहे. धनेश, शेकरू आणि दाट जंगलातले पक्षी बघायचे तर ते हवंच, पण अभयारण्यात कुत्रे नेता येत नाहीत. कर्नाळ्यालाही नाही. गाडीत काचा बंद करून ठेवून 'लगेच येतो' हा पर्याय मुळीच नाही. त्यामुळे जीव गेलेला कुत्रा मी एकदा पाहिला आहे. त्या दिवशी एकाने घरी थांबा.

तुमच्या मनात दापोलीच्या बाजूचाही विचार येईल. आंजर्ले, केळशी, वेळास सुंदर आहेत, पण तिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि कुत्रे वाळू उकरून घरटी फोडतात. वेळासला 2002 पासून गावकरी आणि सह्याद्री निसर्ग मित्र यांनी ही घरटी वाचवली आहेत. तिथे गेलात तर संध्याकाळनंतर कुत्रे किनाऱ्यावर नकोतच. गोव्यात मोरजीलाही तेच: शापोरा नदीच्या मुखाशी कुरव आणि सुरय भरपूर, पण तो कासवांचाही किनारा आहे. पहिल्यांदा दोन कुत्र्यांसह येत असाल तर आक्षी-नागाव सोपं.

तारखांबद्दल स्पष्ट सांगते. 24 डिसेंबर ते 1 जानेवारी येऊ नका. किनाऱ्यावर गाड्या, माणसं, रात्री फटाके. मी त्या आठवड्यात सुरूच्या बनात हरवलेले कुत्रे शोधत फिरते; घाबरलेला कुत्रा पट्टा तोडून पळतो आणि अनोळखी गावात त्याला घरचा वास सापडत नाही. पक्षीही त्या दिवसांत खाडीकडे सरकतात. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, आठवड्याच्या मधले चार दिवस, तिथी बघून घ्या. भाडंही कमी पडेल. तरीही डिसेंबरचाच शेवट नक्की असेल तर तुमच्या मोबाइल नंबरची पट्टी दोन्ही कुत्र्यांच्या गळ्यात असू द्या, आणि गळपट्ट्याबरोबर छातीचा पट्टाही घाला.

येण्याचा मार्ग: भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट येणारी रो-पॅक्स बोट 2020 पासून चालू आहे, साधारण तासाभराचा प्रवास. पाळीव प्राण्यांना नेण्याची सोय आहे, पण आरक्षण करतानाच कुत्रे आहेत हे नोंदवा आणि त्या वेळचे नियम वाचा. ठाण्याहून पेण-वडखळ रस्त्यानेही येता येतं. सुट्टीच्या सकाळी वडखळला खोळंबा होतो, तेव्हा पहाटे पाचला निघा. निघण्याआधी तीन-चार तास कुत्र्यांना खायला देऊ नका. बोटीने आलात तर हिवाळ्यात कुरव बोटीच्या मागे मागे येतात, तुमच्या मिस्टरांची पहिली नोंद तिथेच होईल. लोक त्यांना गाठी-शेव टाकतात. तुम्ही टाकू नका, तो त्यांचा आहार नाही.

आणि आजपासून घरी एक तयारी सुरू करा. त्याच सतरंजीवर, त्याच दोघांना, पहिल्या दिवशी दहा मिनिटं एकटं ठेवा, मग वीस, मग तास, असं करत दोन तासांपर्यंत या. आत चघळायला काहीतरी द्या आणि तुम्ही नसताना काय होतं ते जुन्या फोनवर रेकॉर्ड करा. लॅब्राडोर झोपेल. गावठी कुत्री सुरुवातीला दाराशी बसेल, कुईकुई करेल. तीन-चार आठवड्यांत तीही शिकते. नाहीच शिकली तर मला कळवा; तेव्हा तुमच्यासाठी सासूबाईंसारखं कोणी आवारात असलेलंच घर शोधावं लागेल, आणि तशी दोन-तीन घरं माझ्या माहितीत आहेत.

परत गेल्यावर दहा-पंधरा दिवस दोघांच्या कानांमागे, बोटांमध्ये, शेपटीखाली रोज गोचीड बघा. खाणं कमी झालं, हिरड्या फिक्या वाटल्या किंवा लघवी गडद आली, तर वाट न बघता तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि कोकणात जाऊन आल्याचं आवर्जून सांगा.